गप्पही हवं, गारही हवं

माझ्या वाढण्याची हकिकत लिहायला घेतली तेव्हा मुलगी वही चाळून म्हणाली, "आई, सातवीपर्यंतचं झालं, लग्न झालं, आणि मग एकदम बासष्टाव्या वर्षावर उडी? मधलं कुठे गेलं?" मी म्हटलं, मधलं रांधण्यात आणि उष्टी काढण्यात गेलं. त्यात माझी वाढ झाली नाही, रुंदी झाली. हसू नका. केळ वर्षभरात वाढते, घड टाकते आणि मोकळी होते. माडाचं तसं नसतं, तो आपला एकाच जागी उभा राहून वर्षानुवर्षं सावकाश वर जातो. मी माडाच्या जातीची. सातवीला शाळा सुटली ती सुटली, आणि पुढचं शिकवायला मला जो मास्तर भेटला तो पत्र्याचा होता. कंप्युटरचं सगळं आतडं ज्या पेटीत भरतात ना, तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. त्या कॅबिनेटने मला दोन महिन्यांत जेवढं शिकवलं तेवढं सासूबाईंनी वीस वर्षांत शिकवलं नव्हतं, आणि सासूबाईंनी काही कमी प्रयत्न केला नव्हता.

आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. हाक म्हणजे आमची हाक, पुण्याची नव्हे. पहाटे लाँची लागतात, मग मासळीचा लिलाव, मग बर्फ फोडायचं मशीन, मग टेम्पोवाल्यांची एकमेकांच्या आईबापांची चौकशी. घरात आमचे हे. हे लाँचवर मेस्त्री होते. चाळीस वर्षं डिझेलच्या इंजिनाच्या उशाशी काढली, म्हणून दोन्ही कान अधू झालेले. कानाचं यंत्र घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आता ऐकण्यासारखं काय ऱ्हायलंय?" तेव्हा ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोरून जाणाऱ्या होडीला हाक मारल्यासारखं. जेवायला बसल्यावर मी विचारायचे, "अहो, मीठ वाढू का?" आणि उत्तर यायचं शेजारच्या शेवंताचं, तिच्या स्वयंपाकघरातून: "वाढ गो, कालचं कालवण आळणी होतं म्हणत होते!" असं आमचं गुपचूप चाललेलं घर.

आता ह्या घरात कंप्युटर कशाला, ते सांगते. मिरजोळ्याला कोळंबी सोलायच्या शेडमध्ये मी नऊ वर्षं काम केलं. पाय ओले, बोटं सुरकुतलेली, आणि जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणायच्या, "सुनंदा, वाच." डब्याला गुंडाळून आणलेलं वर्तमानपत्र असो, फाटका दिवाळी अंक असो, काहीही असो, मी मोठ्याने वाचायची. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि माझं वाचन. गोष्ट अर्धवट फाटलेली असली की पुढचं मी मनाने जोडायची. एकदा तर मी एका नवऱ्याला मारून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी उरलेलं पान आणलं तर तो गोव्याहून परत आलेला! बायकांनी माझंच खरं धरलं. म्हणाल्या, मेला होता तोच बरा होता.

त्या शेडमधल्या एकीची पुतणी मुंबईला, पुस्तकं बोलून ठेवणाऱ्या एका संस्थेत कामाला लागली. डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी, आणि हल्ली कानांनीच वाचणाऱ्यांसाठी. तिचं नाव मुग्धा. त्यांच्याकडे एक मोठी कादंबरी आली होती, एका मासळीवालीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, सगळी आमच्या बाजूच्या बोलीत. मुग्धाने मला फोन केला, "काकू, दहा पानं वाचून पाठवा. नमुना म्हणून." जावयाने नवा कंप्युटर घेतला होता, त्याने जुना आम्हाला बसमधून पाठवला. सोबत मुलीने चांगला माईक पाठवला. कंप्युटर आला तो खेडपर्यंत कुणाच्या तरी बॅगेखाली दबून आला असणार, कारण त्याची बरगडी आत गेली होती. पण चालत होता. मी चालवायला शिकले, चुकत शिकले, आणि दहा पानं वाचून पाठवली.

मुग्धाचा फोन आला. "काकू, वाचन काय सुंदर आहे! पण मागे पिठाची गिरणी आहे का?"

गिरणी नव्हती. कंप्युटर होता. मला तर तो ऐकूच आला नव्हता. आमच्या घरात ज्याला शांतता म्हणतात तिला मुंबईत गिरणी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. दुसरा नमुना पाठवला, माईकला गोधडी गुंडाळून. तेव्हा म्हणाली, "काकू, आता गिरणी आहेच, आणि तुम्ही विहिरीतून बोलताय." मग चाचरत म्हणाली की वरचे लोक मेअखेरपर्यंत एकच नमुना आणखी ऐकतील, नाही जमलं तर मुंबईतल्या एका नटीकडून वाचून घेतील. नटी चांगलीच असेल, माझं काही म्हणणं नाही. पण जिने बोंबील फक्त ताटात तळलेला पाहिलाय ती त्या बाईचं दुःख कशी सांगणार? मला ते पुस्तक हवं होतं. लुगड्याची, सोन्याची हौस मी कधी केली नाही, पण ते पुस्तक मला हवं होतं. आयुष्यभर माझा आवाज लोकांनी वापरला तो जेवायला बोलवायला आणि कोंबड्या हाकलायला. पहिल्यांदा कुणीतरी तो नुसता ऐकायला मागितला होता.

आता अडचण ऐका. आमच्याकडे आवाज कधी नसतो? दुपारी दोन ते चार. तेव्हा बंदर झोपतं, शेवंता झोपते, कावळेसुद्धा फणसात बसून पेंगतात. वाचायचं तर तेव्हाच. पण तीच वेळ मे महिन्यात अशी की अंगणात वाळत घातलेल्या कोकमांना घाम फुटावा. आवाज नको म्हणून छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीत चिंध्या. त्या भट्टीत मी आणि तो. जितकं गरम होई तितका तो घरघरे, आणि जितका घरघरे तितकं माझं पुस्तक त्या नटीच्या घराकडे सरके.

मी कंप्युटर उचलला आणि नजमाकडे नेला. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नजमाचं दुकान. चाळिशीची बाई, नवरा आखातात, सासऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद पडायला आलं तर हिने पुस्तकं बघून बघून कंप्युटरचं केलं. माझ्यासारखीच घरी शिकलेली, म्हणून माझं तिच्याशी जमलं. केसांत पेन खोचलेलं आणि तोंडात दोन स्क्रू, असं बोलायची. तिने पेटी उघडली, आत डोकावली आणि म्हणाली, "मावशी, आतलं सगळं धडधाकट आहे. पेटीच मेलीय. पत्रा वाकलाय, तो थरथरतो. नवं कॅबिनेट घ्या."

तिने दोन पुढ्यात ठेवली. एक पुढून सगळं जाळीचं. दुसरं काळं, जड, बंद, आतून अस्तरासारखा फोम लावलेला. "हे जाळीचं घ्याल तर थंड राहील, पण बोलेल. हे बंद घ्याल तर गप्प राहील, पण आतल्या आत तापेल."

मी म्हटलं, "बाय, आमच्या घरात दोन्ही प्रकार आधीच आहेत. मी बोलते आणि थंड असते. हे गप्प असतात आणि तापतात."

"मग तुम्हीच सांगा, कोणता बरा?"

"चाळीस वर्षांत ठरलेलं नाही," मी म्हटलं, आणि बंदवालं घेतलं. माझी गरज शांततेची होती ना.

घरी आणलं, लावलं. काय सांगू, मांजर चालावी तसा कंप्युटर चालू झाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला झबलं शिवलं. आमच्याकडे रीत आहे, घरात किमती वस्तू आली की तिला आधी कपडे. मिक्सरला टोपी, टीव्हीला पडदा, फ्रीजच्या मुठीला मोजा. मी जुन्या रजईचं जाड कव्हर शिवलं, पुढे मोर काढला, मोराला टिकल्या लावल्या. आवाज आणखी कमी झाला! तेव्हा मला वाटलं, हे नजमाला कसं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायला बसले. नवव्या पानावर त्या बाईचा मुलगा दर्यावरून परत येत नाही तो भाग, आणि पडदा एकदम काळा. नऊ पानं गेली. हात लावून बघते तर मोर कढत! पापड भाजून निघाला असता मोरावर.

नजमाने येऊन बघितलं. "मावशी, हे काय घातलंय?"

"झबलं."

तिने टिकल्यांवरून बोट फिरवलं. "आधीच बंद कॅबिनेट. त्यात मे महिना. त्यात रजई. मावशी, तुमच्या तोंडावर उशी दाबली तर तुम्हीपण गप्पच व्हाल की! जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो."

झबलं काढलं. तरी दुपारच्या त्या बंद खोलीत दहा पानांच्या आत तो मूर्च्छा येऊन पडायचाच. मे अर्धा सरला. मी जेवेनाशी झाले. आता हसू येतं, पण तेव्हा बांगड्याचं तिखलं समोर असताना मी घास चिवडत बसायचे, आणि हे बघत होते. ह्यांना ऐकू येत नव्हतं, दिसत सगळं होतं. एका सकाळी हे बंदरावरून परत आले ते डोक्यावर बर्फपेटी घेऊन. मासळीची असते ना, जाड भिंतींची, बाहेरून प्लास्टिक आणि मधे फोम, ती. अंगणात आपटली आणि म्हणाले, "हिच्यात सुरमई तीन दिवस ताजी ऱ्हाते. तुझा कंप्युटर दोन तास नाय ऱ्हाणार?"

तुम्ही म्हणाल, दोघांपैकी एकाला तरी कळायला हवं होतं. पण आमच्या सात पिढ्या बर्फावर जगल्या. गार ठेवायचंय म्हणजे पेटी, पेटी म्हणजे बर्फ, ह्यापलीकडे आमची अक्कल जातच नव्हती, जायची गरजच पडली नव्हती. आणि जाड झाकण म्हणजे आवाजही आतच! मला तर ह्यांचा अभिमान वाटला. पेटी सोड्याने तीनदा धुतली, चिंचेने घासली, उन्हात वाळवली. कॅबिनेट आत ठेवलं, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पिशव्यांत बर्फ, पाणी जायच्या भोकातून वायरी बाहेर, वर झाकण. मी कंप्युटर चालू केला आणि कान लावला. काही नाही! इतकी शांतता की माझ्याच बांगड्यांनी मी दचकले. त्या काढून ठेवल्या. वाचायला लागले. एक पान, तीन पानं, सात पानं. खोलीत हळूहळू बांगड्याचा वास सुटला, मला वाटलं पुस्तकात मासळी बाजाराचं वर्णन चाललंय म्हणून मनाला वास येतोय. नववं पान, आणि टिक. काळा पडदा.

झाकण उघडलं तर ओली ऊब तोंडावर आली. बर्फाचं पाणी झालेलं, एक पिशवी गळलेली, आणि कॅबिनेटला आतून बाहेरून दव आलेलं, जसं काही तोच माझ्यासाठी रडत होता. हे आत बघून म्हणाले, "बर्फ कमी पडला."

कंप्युटर पुसायची, हलवायचीही भीती वाटली म्हणून पेटीसकट रिक्षात घातला, आणि हेही शेजारी चढून बसले. बर्फपेटी घेऊन मिरकरवाड्यातून बाहेर पडणं म्हणजे काय, हे इकडच्यांनाच माहीत. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, पापलेट असेल तर एक जोडी मला काढा." नाक्यावर एक ओळखीची बाई रिक्षाला आडवी आली. "काय मिळालं गो आज?"

"कंप्युटर," मी म्हटलं.

ती तोंड वाकडं करून म्हणाली, "द्यायचं नसेल तर सरळ सांग!"

नजमाने झाकण उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. तोंडातले स्क्रू काढून तिने टेबलावर ठेवले, तेव्हा मी समजले की आता बसणार बोलणी. "मावशी, काका, मासा मेलेला असतो. त्याच्यात स्वतःची ऊब नसते, म्हणून तो पेटीत गार राहतो. हा जिवंत आहे. चालू असला की आत चूल पेटलेली असते. चूल पेटीत बंद करून वर झाकण ठेवलं तर काय होईल? बर्फ किती पुरणार? जिवंत माणसाला बर्फपेटीत कोण घालतं?"

हे म्हणाले, "काय म्हणते ती?"

मी ओरडून सांगितलं, "म्हणते, जिवंत माणसाला पेटीत कोण घालतं!" गल्लीतली चार दुकानं बाहेर आली बघायला.

मला तिथेच रडू आलं. स्टुलावर बसले आणि पदर तोंडाला लावला. म्हटलं, जाऊ दे ते पुस्तक, वाचेल नटी. आपण सातवी पास, आपण कोळंब्या सोलाव्यात. नजमा काही समजूत घालेल असं वाटलं होतं, पण तिने पंखा माझ्याकडे फिरवला आणि कंप्युटर उघडून एकेक भाग पुसायला लागली. म्हणाली, "दोन दिवस वाळू दे. विजेचा डबा बदलावा लागेल, बाकी जगेल असं वाटतं. रडायचं ते तोपर्यंत रडून घ्या, मग कामाला लागू."

दोन दिवसांनी गेलो तेव्हा हे माझ्याबरोबर आले, न बोलावता. दुकानात चार-पाच कंप्युटर चालू होते, दुरुस्तीला आलेले. नजमा मला काहीतरी समजावत होती आणि हे मागच्या मागे एकेका कॅबिनेटवर तळवा ठेवत चालले होते. डोळे मिटून. मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं असणार, पण लाँचच्या पोटात उतरून बायकोने कशाला बघायचं? एकावर हात ठेवून म्हणाले, "हा कापतोय." दुसऱ्यावर, "ह्याचा पत्रा पातळ, हापण कापतोय." तिसऱ्यावर जरा थांबले. "हा बरा."

नजमा हसली. "काका, आवाज कानाने ऐकायचा असतो!"

"काय?"

"कानाने! ऐकायचा!"

"कानाला फसवता येतं," हे म्हणाले. "हाताला नाय." मग ते बोलायला लागले. आमचे हे, जे लग्नात उखाणा घेताना पण खाकरले होते फक्त, ते नजमाच्या दुकानात पंधरा मिनिटं बोलले. "ह्या पेट्यांचा आवाज पंख्याचा अर्धा नि पत्र्याचा अर्धा. इंजिन लाँचच्या फळ्यांवर तसंच कोणी ठेवतं का? खाली रबर घालतात. नायतर सगळी लाँच ओरडते. हिचा कंप्युटर टेबलावर, माईक त्याच टेबलावर. थरथर सरळ माईकात. आणि हे पंखे बघ. बशीएवढे. लाँचला लहान पंखा लावलास तर किंचाळत फिरतो, लाँच जागची हलत नाय. मोठा लाव, सावकाश फिरव. पाणी तेवढंच ढकलतो, बोंब नाय."

नजमाने केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. मग माळ्यावर चढली आणि एक भलंमोठं कॅबिनेट खाली उतरवलं. कुरूप म्हणजे किती कुरूप! कोंबड्यांच्या खुराड्याएवढं, पुढे जाळी, पत्रा मात्र जाड. म्हणाली, "हे कुणी घेत नाही, घरात जागा खातं म्हणून. ह्यात ताटलीएवढे पंखे बसतात." पुढून खाली दोन, मागून वर एक. त्यांचा वेग तिने कंप्युटरमध्येच निम्म्यावर आणून ठेवला. मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "चुलीला हवा खालून लागते आणि धूर वरून जातो. मागे भिंतीला चिकटवायचं नाही ना? वीतभर जागा सोडायची?" नजमा म्हणाली, "बघा, दोघांना सगळं येतं आणि मला बर्फपेटी दाखवायला आणता."

ह्यांनी घरी येऊन जुन्या इंजिनाच्या रबराच्या चकत्या कापल्या, चार पायांखाली चार. खुराडं जमिनीवर, माझ्यापासून चार हात लांब, माईकची पाठ त्याच्याकडे. मी झबल्याकडे एकदा बघितलं, पण नाही घातलं. चालू केलं. अगदी गप्प नव्हतं, खोटं कशाला सांगू. रात्रीच्या ओहोटीला दर्या लांब गेला की कसा नुसता श्वास येतो, तेवढं होतं. मी नजमाला फोन केला, तर ती म्हणाली, "मावशी, पूर्ण गप्प आणि पूर्ण गार असं कॅबिनेट अजून जन्माला यायचंय. कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं असतं. तुम्ही आता थांबा आणि वाचा." हे वाक्य मी पुढे मुलीला, जावयाला, शेवंताला, सगळ्यांना ऐकवलंय, माझं म्हणून.

मेचे चार दिवस उरले होते. आणि आता नवीनच घोळ. कंप्युटर गप्प झाल्यावर मी मला ऐकू आले. कानाला हेडफोन लावून मी माझंच वाचन ऐकलं, आणि अंगावर काटा आला. मी वाचत नव्हते, मी लिलाव करत होते! ती बाई मेलेल्या मुलाशी मनातल्या मनात बोलते, आणि मी ते असं सांगत होते की त्या मुलाला पार खाडीवरच्या कर्ल्यापर्यंत ऐकू जावं. चाळीस वर्षं ह्यांच्याशी बोलून माझ्या गळ्याला दुसरी चालच राहिली नव्हती. आता हळू बोलायचं कुठून आणायचं? दोन दुपारी मी नुसती बसून कुजबुजायला शिकले. भिंतीशी बोलले. कोकमाच्या सालींशी बोलले. शेवंता खिडकीतून बघून विचारते, "बरं नाय काय गो?" तान्ह्या बाळाला थोपटताना आपण कसं बोलतो, ते आठवलं तेव्हा कुठे आवाज खाली उतरला.

तिसऱ्या दुपारी हे बाहेर ओट्यावर पहारा द्यायला बसले, काठी घेऊन. ह्यांना आवाज येत नसल्यामुळे ज्याचं तोंड हलताना दिसेल त्याच्यावर काठी उगारायची, असा नेम. एक म्हातारा नुसता पान चघळत चालला होता, त्याला पळवलं. आणि पाववाला सायकलचा भोंगा पों-पों करत अगदी दारावरून गेला, त्याला हात केला, कारण त्याचं तोंड बंद होतं! ते पान मी परत वाचलं. बाकी नऊ पानं सरळ गेली. घामाने मी आंघोळ केल्यासारखी झाले होते, पण जाळीसमोर हात धरला तर खुराड्यातून नुसती कोमट झुळूक येत होती. त्याच संध्याकाळी नजमाने ते मुंबईला पाठवून दिलं.

पुढचे तीन दिवस मी काय रांधलं ते मला आठवत नाही, आणि ह्यांनी मुकाट्याने खाल्लं म्हणजे वाईटच असणार, कारण चांगलं असलं की हे काहीतरी खोड काढतात. चौथ्या दिवशी परसात बसून मांदेली साफ करत होते. फोन वाजला. हात खवल्यांनी भरलेले, तो खांद्याने कानाला दाबला.

"काकू, मुग्धा बोलतेय. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"मग? गिरणी?"

"नाही."

"घरघर, सूंसूं, भोंगा?"

"काहीच ऐकू येत नाहीये काकू."

माझ्या हातातलं मांदेलं पडलं. एवढं सगळं करून आवाजच गेला नाही की काय मुंबईपर्यंत! मी इतक्या हळू वाचलं की काय? मी विचारलं, "काहीच नाही? अगदी काहीच?"

"तुमच्याशिवाय काहीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही आणि ती बाई, बस. आमचे साहेब कानावरचे हेडफोन काढायला तयार नव्हते. पुस्तक तुमचं काकू. सगळी तीनशे पानं. कधीपासून सुरू करताय?"

मांजराने मांदेलं पळवलं ते मी बघत राहिले. पलीकडून मुग्धा हाका मारत होती, "हॅलो? काकू? हॅलो? काकू, आता तर तुमचाही आवाज येत नाहीये!"